चेहरा आणि नाव



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हणालो. ही जागा विद्वानांची. माझा जन्म गेला काळ्या फडक्याखाली डोके घालण्यात आणि अंधारखोलीत हात ओले करण्यात. परंतु गेल्या वर्षी एक असा प्रसंग घडला की, आपल्या हुन्नराचा इतिहास एकदा मुळापासून तपासून पाहावा असे मला वाटू लागले. तो प्रसंग आधी सांगतो. इतिहास त्याच्या मागोमाग येईल.

पावसाळा संपून ऑक्टोबरचे ऊन पडले की मी जुन्या निगेटिव्हच्या पेट्या उघडून वारा देतो. माझ्या वडिलांचा रत्नागिरीस स्टुडिओ होता. तो बंद झाल्यावर काचेच्या निगेटिव्हच्या पेट्या येथे पावसला घरी आल्या. एके दिवशी ऐंशी ओलांडलेल्या एक बाई मुंबईहून नातवाबरोबर आल्या. त्या मूळच्या ह्याच बाजूच्या. त्यांची आई त्या तान्ह्या असतानाच गेली. वडील मुंबईस नोकरीला. आई जाण्यापूर्वी, १९४० च्या सुमारास, मांडीवर मूल घेऊन तिने आमच्या स्टुडिओत फोटो काढविला होता, असे त्यांनी आजीकडून ऐकले होते. घरातली प्रत एका पावसाळ्यात गेली. “निगेटिव्ह असेल का हो?” एवढेच त्यांचे विचारणे.

निगेटिव्ह असणार, ह्याविषयी मला शंका नव्हती. मी वही काढली. वाळवीने निम्मी खाल्लेली ती वही; पण हव्या त्या काळाची काही पाने शाबूत होती. त्यांत नोंद कशी, तर “मुंबईकर, कुटुंब व मूल, एक प्रत, पैसे पोचले.” अशा नोंदी एक नव्हे, पाच निघाल्या. प्रत्येक नोंदीत पैसे देणाऱ्याचा उल्लेख होता; खुर्चीवर बसलेल्या बाईचे नाव एकीतही नव्हते. मी पाचही काचा उजेडासमोर धरल्या. पाच तरुण बायका, पाच तान्ही मुले. त्यांतली आपली आई कोणती, हे त्या बाईंना सांगता येईना. कारण आईचा चेहरा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. आणि मलाही सांगता येईना. कारण आम्ही ते लिहूनच ठेवले नव्हते.

त्या दिवसापासून माझ्या मनात एक प्रश्न घर करून बसला आहे. चेहरा टिपणे एवढ्यानेच छायाचित्रकाराचे काम पुरे होते काय? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण थोडे मागे जाऊ.

१८३९ मध्ये पॅरिसला दागेरच्या कृतीचा तपशील जाहीर झाला आणि त्यानंतर थोड्याच काळात ही विद्या हिंदुस्थानात आली. दागेरची चित्रे चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावर उमटत. एक पत्रा, एक चित्र, दुसरी प्रत नाही. इंग्लंडात टॅल्बटने कागदाच्या निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढण्याची युक्ती शोधली. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने काचेवर ओला थर देण्याची रीत प्रसिद्ध केली आणि पुढची पंचवीसतीस वर्षे जगभर हीच रीत चालली.

ह्या रीतीत कष्ट किती, ते आज सांगूनही पटावयाचे नाही. काच घासून लख्ख करावयाची. ईथर आणि मद्यार्क ह्यांत विरघळविलेल्या कलोडियनचा पातळ थर तीवर ओतावयाचा आणि काच चारी कोपऱ्यांकडे कलती करून तो सारखा पसरावयाचा. मग अंधारात ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची, चित्र घ्यावयाचे आणि थर वाळण्यापूर्वीच धावत अंधारात नेऊन ते प्रकट करावयाचे. थंड देशात ह्याला काही मिनिटांची सवड मिळे. आमच्याकडच्या वैशाखात ईथर बघता बघता उडून जाते. प्रवासात तर अंधारखोलीचा तंबू, काचांच्या पेट्या, औषधांच्या बाटल्या आणि पाणी हे सारे माणसांच्या डोक्यावर किंवा बैलगाडीतून न्यावे लागे. शिवाय काच महाग. ज्या निगेटिव्हचे काम झाले ती खरवडून त्याच काचेवर पुन्हा नवे चित्र घेत. अशा रीतीने किती चेहरे धुतले गेले असतील, त्याची गणती कोण करणार?

एवढी उस्तवार असूनही ह्या विद्येचे आकर्षण विलक्षण होते. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. ह्या चळवळीत आपले लोक मागे नव्हते, ही अभिमानाची गोष्ट आहे. डॉ. भाऊ दाजी लाड हे नाव सर्वांस ठाऊक आहे; त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही ग्रँट मेडिकल कॉलेजातून वैद्यकी शिकलेले. ते सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर होते आणि १८५७ च्या प्रदर्शनात त्यांची छायाचित्रे मांडली गेली होती. हरिश्चंद्र चिंतामण ह्या गृहस्थांनी तर मुंबईत छायाचित्रणाचा स्वतंत्र धंदाच थाटला. म्हणजे साहेबाने ही विद्या आणली आणि आपण दुरून पाहत राहिलो, असे घडलेले नाही. पहिल्या पिढीतच आपल्या माणसांचे हात त्या औषधांनी काळे झाले होते.

सरकारलाही ह्या विद्येचा उपयोग तत्काळ ध्यानी आला. १८५५ मध्ये मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज ह्यास प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामावर नेमले. अजिंठ्याच्या बाबतीत मेजर रॉबर्ट गिल ह्याची कथा विचार करण्यासारखी आहे. १८४४ पासून हा गृहस्थ लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला रंगवीत बसला होता. पुष्कळ वर्षांच्या श्रमांतून झालेल्या त्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या आणि १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळून गेल्या. परंतु मध्यंतरी गिल कॅमेऱ्याकडे वळला होता आणि त्याची छायाचित्रे घातलेला ग्रंथ १८६४ मध्येच छापून निघाला होता. ज्याच्या अनेक प्रती निघतात ते एका आगीत नष्ट होत नाही. छायाचित्राचे मोठे सामर्थ्य हेच.

इमारतींच्या बाबतीत हे काम निर्मळ झाले. इमारतीचे नाव ठाऊक असते, गाव ठाऊक असतो, तारीख लिहिली की झाले. माणसांकडे कॅमेरा वळला तेव्हा मात्र गोष्ट निराळी झाली. १८६८ ते १८७५ ह्या काळात लंडनहून ‘द पीपल ऑफ इंडिया’ ह्या नावाचे आठ खंड सरकारी आश्रयाने निघाले. त्यांत चारशेंहून अधिक छायाचित्रे आहेत. काही मानकरी मंडळींची नावे त्यांत सापडतात. पण बहुसंख्य चित्रांखाली माणसाचे नाव नाही, जातीचे किंवा जमातीचे नाव आहे. समोर बसलेल्या माणसास आई होती, बापाने ठेवलेले नाव होते, घर होते. चित्र छापून निघाले तेव्हा तो माणूस राहिला नाही, मासला झाला. वनस्पतिशास्त्रज्ञ पान दाबून त्याखाली जात लिहून ठेवतो, तसेच हे.

विल्यम जॉन्सन ह्या छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईच्या रहिवाशांविषयी दोन खंड काढले. त्यांत माणसे निरनिराळ्या देखाव्यांसमोर उभी दिसतात. वास्तविक चित्रे घेतलेली स्टुडिओत. माणसांच्या आकृती पुढे निराळ्याच देखाव्यांशी जोडलेल्या. त्या काळच्या काचांना मोकळ्या जागेत माणूस आणि मागचा देखावा दोन्ही एकाच वेळी नीट साधत नसत, हे खरे आणि त्यासाठी कोणी युक्ती केली तर मी कारागीर म्हणून त्याला दोष देणार नाही. पण पाहणाऱ्याने समजावे की, हा माणूस खरोखर तेथे उभा होता! कॅमेरा खोटे बोलत नाही, ही म्हण ज्याने काढली त्याने आमच्या धंद्याचे अंतरंग पाहिले नसावे.

कॅमेऱ्याची एक लबाडी तर आणखी सूक्ष्म आहे. तिच्यात कोणाचाही दुष्ट हेतू नाही. जुन्या काचा निळ्या प्रकाशाला हळव्या आणि तांबड्याला आंधळ्या होत्या. म्हणून तर अंधारखोलीत तांबडा दिवा चालत असे. ह्याचा परिणाम पाहा. निळे आकाश चित्रात कोरे पांढरे येई. आपल्या घरांच्या जांभ्याच्या भिंती डोळ्यांना तांबूस दिसतात, त्या चित्रात काळसर दिसत. कपाळावरचे लालभडक कुंकू शाईच्या ठिपक्यासारखे उमटे. गव्हाळ वर्णाचा माणूस होता त्याहून सावळा दिसे आणि सावळा माणूस काळाकुट्ट. १८७३ मध्ये फोगेल ह्या जर्मन शास्त्रज्ञाने रंगद्रव्य मिसळून हा दोष कमी करण्याचा मार्ग दाखविला. सर्व रंग जाणणाऱ्या काचा विसाव्या शतकाच्या आरंभी बाजारात आल्या आणि लहान गावांच्या स्टुडिओंत जुन्याच जातीच्या काचा त्यानंतरही बराच काळ चालल्या. आपल्या पणजोबांच्या फोटोवरून त्यांचा वर्ण ठरविणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या विद्वानांनी त्या काळी अशा चित्रांवरून माणसांच्या जाती लावल्या, त्यांनी ती किती ठेवली होती, कोण जाणे!

लोकांना कॅमेऱ्याची धास्ती वाटे, ह्याची आपण आज थट्टा करतो. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रकाराचा धंदा करीत. गोध्र्यास असताना प्लेगने त्यांची पत्नी व मूल गेले. पुढे बडोद्यास त्यांनी पुन्हा दुकान मांडले, पण कॅमेरा माणसाची शक्ती ओढून घेतो अशी समजूत शहरात पसरली आणि धंदा बसला. ह्या समजुतीला शास्त्राचा आधार नाही, हे उघडच आहे. तरी मला अलीकडे वाटते की, तीत एक शहाणपणही होते. आपला चेहरा दुसऱ्याच्या हाती जातो आणि तेथे आपले काही चालत नाही, ही भीती निराधार नव्हती. त्या आठ खंडांतील निनावी माणसांकडून खरोखरच काहीतरी काढून घेतले गेले होते.

फाळक्यांनी पुढे १९१२ मध्ये कुंडीतल्या रोपाची वाढ कित्येक दिवस थोडी थोडी चित्रित करून एक लहानशी फिल्म तयार केली आणि त्या जोरावर ‘राजा हरिश्चंद्र’चे धाडस केले, हे आपण जाणताच. मला त्यांच्या सगळ्या पराक्रमांत हे रोपच अधिक प्रिय आहे. कळ दाबावयास क्षण पुरतो. थांबणे हेच आमच्या कसबाचे नव्वद टक्के.

त्यांच्याही आधीचे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हेही मूळचे छायाचित्रकारच. १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनवर झालेली एक कुस्ती त्यांनी चलच्चित्रात घेतली. १९०१ मध्ये केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांचे मुंबईत स्वागत झाले, तेही त्यांनी टिपले. परांजपे आपल्याच जिल्ह्यातील मुर्डीचे. ह्या दोन्ही फिल्म आज पाहावयास मिळत नाहीत. पण चमत्कार असा की, त्या कुस्तीतील मल्लांची नावे पुंडलीकदादा आणि कृष्णा न्हावी अशी इतिहासात राहिली आहेत. तिकडे आठ खंडांत चित्र राहिले आणि नाव गेले. इकडे चित्र गेले आणि नाव राहिले. दोहोंपैकी अधिक मोठी हानी कोणती, असे मला कोणी विचारले तर छायाचित्रकार असूनही मी म्हणेन, पहिली. नाव असले तर त्या माणसाविषयी पुढे विचारता येते, शोधता येते. नुसता चेहरा आपल्याकडे पाहत राहतो आणि काहीच बोलत नाही.

एथवर मी साहेबाला दोष देत होतो आणि आपणही माना डोलवीत होता. आता आमच्या वहीकडे परत येतो.

सुकी तयार काच आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून छायाचित्रणाचा धंदा जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचला. आमच्या कोकणात त्याला एक विशेष अर्थ होता. घरटी एक माणूस मुंबईस. बाकीचे कुटुंब येथे. वर्षावर्षात एकमेकांचे तोंड दिसावयाचे नाही. अशा वेळी फोटो म्हणजे चैन नव्हती, भेट होती. रंगविलेला पडदा, कोरीव खुर्ची, तिपाईवर फुलदाणी, पुरुषाच्या हातात पुस्तक, मग वाचता येवो न येवो! कित्येकांच्या अंगावरचा कोटही स्टुडिओचाच असे. वडील पेन्सिलीने निगेटिव्हवरचे देवीचे वण पुसून टाकीत. हीसुद्धा लबाडीच, पण ती त्या माणसाच्या इच्छेने आणि त्याच्या बाजूने केलेली होती. स्टुडिओतल्या खुर्चीने साध्या माणसाला मासला होण्यापासून वाचविले, घटकाभर का होईना मानाने बसविले. ह्याचा मला अजूनही अभिमान वाटतो.

परंतु वहीत आम्ही काय लिहिले? “अमुक यांचे कुटुंब.” साहेबाने जातीचे नाव लिहिले, आम्ही नवऱ्याचे लिहिले. वडील सज्जन होते, त्यांच्या मनात कोणाचा अवमान नव्हता. पैसे देणाऱ्याचे नाव लिहावयाचे, ही धंद्याची रीत. बायकोचे नाव चारचौघांत घ्यावयाचे नाही, ही घराची रीत. दोन निरुपद्रवी रीती एकत्र आल्या आणि पाच बायकांची नावे बुडाली. ह्यात माझाही वाटा आहे. वडील हयात असताना ती वही घेऊन त्यांच्यापाशी बसलो असतो तर त्यांनी निम्मी नावे तरी सांगितली असती. मी तेव्हा नव्या कॅमेऱ्यांच्या जाहिराती वाचीत होतो.

ह्या पावस गावाला छायाचित्राचा महिमा निराळा सांगावयास नको. स्वामी स्वरूपानंद १९०३ मध्ये येथे जन्मले आणि १९७४ मध्ये येथेच समाधिस्थ झाले. सुमारे चाळीस वर्षे त्यांचे वास्तव्य देसायांच्या एकाच घरात होते. पण त्यांची छायाचित्रे किती दूरदूरच्या घरांत आज पूजली जातात! त्या चित्राखाली कोणी नाव लिहिले नाही तरी चालते, कारण ते असंख्य लोकांच्या तोंडी आहे. ज्यांचे नाव फक्त एकदोघांच्या तोंडी असते त्यांचे काय, हा माझा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, तुमची वही आणि वाळवी दोन्ही कालबाह्य झाली. ते तितकेसे खरे नाही. मोबाइल फोटोबरोबर वेळ नोंदवितो, वाटल्यास ठिकाणही नोंदवितो. परंतु मधोमध बसलेली आजी कोणाची कोण, तिला माहेरी काय म्हणत, हे आपण लिहिल्यावाचून त्याला कळत नाही. एका लग्नात हजार फोटो निघतात आणि यंत्र बिघडले की हजारही एकदम जातात. जुन्या काळी वाळवीलासुद्धा थोडा वेळ लागत असे.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. ह्या सुट्टीत चाकरमानी मंडळी घरी आली आहेत, म्हातारी माणसे अजून बोलती आहेत, तेव्हा भिंतीवरचे फोटो खाली उतरवा. आपल्या हवेत ओल फार. फोटो चौकटीच्या काचेला चिकटतो आणि वरचा थर बुरशी खाते. चिकटलेला फोटो ओढून काढू नका. काचेसकट जाणत्या माणसाकडे न्या. जो सुटा आहे तो पावसाळा संपल्यावर कोरड्या हवेत सावलीत ठेवा, उन्हात नको. परत बसविताना काच आणि फोटो ह्यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची किनार घाला. आणि मागच्या बाजूला मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने नाव लिहा. शाई पाझरते, बॉलपेनची टोके पुढे उमटतात. नाव पूर्ण लिहा. बाईचे असेल तर माहेरचे आणि सासरचे दोन्ही लिहा. गाव लिहा, साल लिहा. पदरी असलेले मूल पुढे कोण झाले तेही लिहा.

त्या बाईंचे पुढे काय झाले, ते सांगून संपवितो. पाचही काचा त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिल्या. एकीवर बुरशीचे जाळे चेहऱ्यापर्यंत आले होते. तीही त्यांनी बाजूला सारली नाही. नातू म्हणाला, “आजी, नाही ओळखता येत तर राहू दे.” बाई काही वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “भाऊ, ह्यांतली एक माझी आई आहे ना? मग पाचांच्याही प्रती काढून द्या.”

मी त्या काढून दिल्या. मागे पेन्सिलीने सालाचा अंदाज लिहिला, ‘रत्नागिरी’ लिहिले आणि नावाची जागा कोरी सोडली. त्या पाच प्रती आज मुंबईत एका घरात शेजारी शेजारी लावलेल्या आहेत. बाकीच्या चौघींची मुले कोठेतरी असतीलच. आपल्यापैकी कोणाला काही आठवत असेल तर व्याख्यानानंतर मला अवश्य भेटावे. काचा मी बरोबर आणल्या आहेत.